सेफ्ट्रायॲक्सोन हे अँटिबायोटिक काय मारत नाही?

नवा इंटर्न किंवा बॉन्डवर आलेला डॉक्टर राउंडला सोबत असला की मी हा प्रश्न हमखास विचारतो. कोणते जंतू मारतं ते सगळ्यांना येतं. "ग्राम पॉझिटिव्ह, ग्राम निगेटिव्ह, ब्रॉड स्पेक्ट्रम आहे सर." काय मारत नाही म्हटलं की पोरं एकमेकांकडं बघायला लागतात. माझ्या मते अँटिबायोटिक निवडायला शिकायची सुरुवात याच टोकाकडून करावी.

आपण शिकतो ते उलट्या बाजूनं. फार्माकॉलॉजी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आटोपते. कोणतं औषध कितव्या जनरेशनचं ते पाठ करून पेपर निघतो. खरा पेशंट पुढ्यात येईपर्यंत मधे दोन-तीन वर्षं निघून जातात आणि तेवढ्या वेळात डोक्यात काय उरतं? सीनियरनं केसपेपरवर लिहिलेलं आणि एमआरनं, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीनं, दाखवलेलं. (एमआर मंडळींवर माझा राग नाही. त्यांचं काम ते चोख करतात, आपलं आपण करत नाही.) मग ताप म्हटलं की सेफ्ट्रायॲक्सोन, पोट म्हटलं की त्यात मेट्रो (मेट्रोनिडॅझोल), आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला नाही की थेट मेरोपेनेमसारखं भारी औषध. यात निदानाचा संबंध कुठंच येत नाही.

तर सेफ्ट्रायॲक्सोन. औषध उत्तमच आहे. न्यूमोनियात चालतं, मेंदूज्वरात मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतं, टायफॉईडमध्ये तर आपला मोठा आधार आहे. पण एन्टेरोकॉकसवर ते चालत नाही. एमआरएसए (नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस), स्यूडोमोनास, लिस्टेरिया, ईएसबीएल हे औषध मोडणारं एन्झाइम तयार करणारे ई. कोलाय, यांच्यावरही नाही. आतड्यातल्या ॲनेरोबवर (ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जंतूंवर) भरवसा ठेवण्याइतकं नाही. आणि आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेशीच्या आत दडून बसणाऱ्या रिकेट्सियल जंतूंवर त्याचा काडीचा उपयोग नाही.

हे शेवटचं मराठवाड्यात पावसाळा सरता सरता दरवर्षी दिसतं. सोयाबीन काढणीच्या आसपास आमच्याकडं एक मावशी आल्या होत्या. आठवड्याहून जास्त ताप, डोकं ठणकतंय, प्लेटलेट कमी, लिव्हरचे आकडे वाढलेले. डेंग्यू निगेटिव्ह, विडाल (टायफॉईडची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह, म्हणून फाइलवर टायफॉईड लिहिलेलं. सेफ्ट्रायॲक्सोन पुरेसं देऊन झालेलं. मुलगा वैतागलेला. "साहेब, सलाईनवर सलाईन चालूच हाय, ताप काय उतरंना." सिस्टरांना सोबत घेऊन नीट तपासलं तर परकराच्या नाडीखाली काळी खपली, कडेनं लालसर. हे कधीचं म्हणून विचारलं. "काय की, चावलं आसंल काईतरी खुरपताना. दुखत न्हाई म्हून कोन बघतंय."

स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा रिकेट्सियल ताप. काळी खपली ही त्या चाव्याची खूण. डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केलं आणि दोन दिवसांत ताप गेला. काही रुपयांची गोळी. ती न देता मेरोपेनेमवर गेलो असतो तर? मेरोपेनेमही याच्यावर चालत नाही. पेनिसिलिनच्या गोतावळ्यातली सगळी औषधं, सेफ्ट्रायॲक्सोन आणि मेरोपेनेमसुद्धा, जंतूची भिंत पाडतात. या जंतूला तशी भिंत जवळजवळ नसतेच, वर तो पेशीच्या आत बसतो. बिल चार पट झालं असतं, ताप तिथंच राहिला असता. रुग्ण फार गंभीर असेल तर डॉक्सी आणि ॲझिथ्रो दोन्ही शिरेतून एकत्र द्यावं, हे आपल्याच देशातल्या रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढं आलं. गर्भवतीला ॲझिथ्रो. पण आधी काखेत, जांघेत, कमरेला बघायला पाहिजे. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये खपली येत नसते.

आमच्याकडचा कापूसवाला यात डॉक्टरपेक्षा बरा. मावा-तुडतुड्याचं औषध तो बोंडअळीवर मारत नाही, आणि करपा पडला तर कीटकनाशकाला हात लावत नाही. आधी कीड की रोग, आणि कोणती, हे बघतो. गुलाबी बोंडअळी बीटी कापसालाही कशी पचवायला लागली ते तर त्यानं स्वतःच्या रानात पाहिलंय. रेझिस्टन्स म्हणजे काय हे त्याला मी काय समजावणार?

काय मारत नाही, हा प्रश्न एकदा अंगवळणी पडला की रोजच्या चिठ्ठीतल्या चुका आपोआप दिसायला लागतात. गळू आलंय आणि सेफिक्झिम लिहिलंय. गळू बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकसचं, आणि सेफिक्झिम स्टॅफवर अगदीच कमकुवत. जनरेशन वाढली म्हणजे औषध सगळ्यावरच जोरकस झालं, हा समज इथं तोंडावर आपटतो. साध्या त्वचेच्या संसर्गात जुनं सेफॅलेक्सिन सरस ठरतं. आणि गळू पिकलंच असेल तर ते फोडून पू काढणं हाच मुख्य उपचार.

मेट्रोनिडॅझोल फक्त ॲनेरोब, अमिबा, जिआर्डिया असल्या मंडळींवर. अमॉक्सिक्लॅव्ह, पिप-टॅझो, मेरोपेनेम हे ॲनेरोब आधीच झाकतात. त्यांच्यासोबत मेट्रो जोडून पेशंटच्या तोंडाची चव तेवढी जाते. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर उतरतं, रक्तात आणि किडनीच्या मांसात नाही. म्हणून नुसती जळजळ असेल तर पाच दिवस झकास. थंडी वाजून ताप आणि कंबरेत दुखणं असेल तर नको. अमिकॅसिन लघवीच्या संसर्गात छान, पण ॲनेरोबवर शून्य, कारण जंतूच्या आत शिरायलाच त्याला ऑक्सिजन लागतो. साठलेल्या पुवात म्हणूनच ते लंगडं पडतं.

लिव्होफ्लॉक्सॅसिनची गोष्ट वेगळी. तिथं जे मारतं त्याचीच पंचाईत आहे. ते टीबीच्या जंतूला अर्धवट मारतं. खोकल्याच्या पेशंटला ते दिलं की चार दिवस बरं वाटतं, थुंकीच्या तपासणीत जंतू सापडत नाही आणि टीबीचं निदान लांबतं. ऊसतोडीहून परत आलेल्या, वजन घटलेल्या माणसाला थुंकी न तपासता लिव्हो लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डब्ल्यूएचओनं २०१७ साली अँटिबायोटिक्सची ॲक्सेस, वॉच, रिझर्व्ह अशी विभागणी केली. अमॉक्सिसिलिन, डॉक्सी, सेफॅलेक्सिन, नायट्रोफ्युरँटॉइन ही ॲक्सेसमध्ये. सेफिक्झिम, ॲझिथ्रो, सेफ्ट्रायॲक्सोन वॉचमध्ये, म्हणजे जपून वापरायची. आपल्या कोणत्याही तालुक्याच्या ओपीडीत बसून बघा, सर्दीला काय लिहिलं जातं ते. घसा सुजवणारा स्ट्रेप्टोकॉकस अजूनही पेनिसिलिनला दाद देतो, आणि सर्दी-खोकल्यासोबत आलेली घसादुखी तर बहुतेक वेळा व्हायरसचीच असते.

"सर, आमच्या पीएचसीला कल्चर कुठंय?" जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीबद्दलचा हा प्रश्न येतोच आणि तो रास्त आहे. पेशंटचा पैसा, नातेवाइकांची घाई, रात्री एकट्यानं सांभाळायचा वॉर्ड, हे मीही बघतो. सेप्टिक शॉकमध्ये तर अक्कल पाजळत बसायचंच नाही, पहिल्या तासात ब्रॉड कव्हर द्यायचं. पण पहिल्या डोसच्या आधी कल्चरसाठी रक्त काढून बाटलीत टाकायला काही मिनिटं लागतात. बाटली फ्रिजमध्ये न ठेवता दुसऱ्या दिवशी लातूरला, नांदेडला पाठवता येते. एकदा डोस गेला की ती संधी गेली. आणि अठ्ठेचाळीस तासांनी केसपेपर पुन्हा उघडून, आता हे चालू ठेवायचं कशासाठी, एवढं विचारायला कुठलीच लॅब लागत नाही.

कल्चर आलं तरी एक खोड सोडा. रिपोर्टमधला सगळ्यात छोटा एमआयसी (जंतूची वाढ रोखायला लागणारं औषधाचं किमान प्रमाण) शोधून तेच औषध निवडायची. मेरोपेनेमपुढं ०.२५ आणि अमिकॅसिनपुढं २ दिसलं म्हणजे मेरोपेनेम आठ पट भारी, असं नसतं. प्रत्येक औषधाचा ब्रेकपॉइंट, म्हणजे जंतू त्याला दाद देतो की नाही हे ठरवणारी सीमा, वेगळा; दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून बघायचेच नसतात. दोन्हींपुढं 'एस' (सेन्सिटिव्ह) आहे ना? मग संसर्ग कुठं आहे, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) किती आहे, पेशंट तोंडानं गोळी घेतो का, यावर ठरवा. आणि लघवीत जंतू निघाला पण पेशंटला त्रास काहीच नाही, ताप नाही, गर्भवती नाही, युरॉलॉजीचं ऑपरेशनही ठरलेलं नाही, तर रिपोर्ट फाइलला लावा आणि पुढच्या बेडकडं चला.