दीड इंचाचं दार

ओहायोतल्या आमच्या घरामागच्या हिरवळीवर एक लोखंडी नळी उभी आहे. नळीच्या कमरेला पत्र्याचं जाडजूड नळकांडं, डोक्यावर देवदाराचं खोकं आणि खोक्याला बरोब्बर दीड इंचाचं गोल दार. तीस वर्षांच्या गृहकर्जानं उडाली नाही एवढी झोप माझी या दीड इंचानं उडवली आहे.

हे सगळं सुरू केलं शेजारच्या निवृत्त काकांनी. त्यांना आम्ही घरात ‘खोकेकाका’ म्हणतो. (नाशिकच्या मित्राला फोनवर म्हटलं, ‘दोन खोके घेतले,’ तर त्यानं आधी ‘कुठल्या पक्षाकडून?’ असं विचारलं.) काकांचं म्हणणं असं, की ब्लूबर्ड या इथल्या निळ्या पाखराला चोच असते पण सुतारकी येत नाही. बिचारा सुतारपक्ष्याच्या जुन्या ढोलीत किंवा वाळक्या झाडाच्या पोकळीत संसार मांडतो. माणसानं वाळकी झाडं पाडली, तेव्हा आता माणसानंच घर द्यायचं. १९३४ च्या सुमाराला इलिनॉयमधल्या क्विन्सी गावच्या मसलमन नावाच्या गृहस्थांनी रस्त्याच्या कडेनं अशा खोक्यांची रांगच लावली, तेव्हापासून हे खूळ देशभर आहे. काका ते सांगतात तेव्हा त्यांचा चेहरा पंढरीची वाट सांगणाऱ्या वारकऱ्यासारखा होतो.

मी हो म्हटलं. एक खोकं लावायला कितीसा वेळ लागणार?

एक नाही, दोन. वीस फुटांवर जोडीनं. एकात भिंगरी नावाचं पाखरू राहणार, दुसऱ्यात ब्लूबर्ड. भिंगरीला शेजारी दुसरी भिंगरी खपत नाही, ब्लूबर्ड मात्र चालतो. परदेशातल्या मराठी माणसाला हा नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मग नळीला ते पत्र्याचं नळकांडं, कारण रॅकून, साप आणि मांजर तिघंही खांब चढण्यात पटाईत. तळाला पाणी निघायला भोकं, छपराखाली हवेला फट. आणि दाराखाली बसायला दांडी अजिबात नको. मी दुकानातून आणलेल्या सुबक खोक्याची दांडी काकांनी माझ्यादेखत करवतीनं कापली. “ब्लूबर्डला ती लागत नाही,” ते म्हणाले, “तिचा फायदा होतो फक्त चोराला.”

चोर कोण, ते मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं. खोक्याच्या छपरावर गळ्याला काळा रुमाल बांधल्यासारखा एक गडी बसला होता आणि सबंध गल्लीला ताबा मिळाल्याचं ओरडून सांगत होता. चिमणा. आपला, घरचा, नाशिकच्या वाड्यात फोटोच्या मागे घरटं करणारा चिमणा.

मला इतका आनंद झाला की मी खिडकीतून हात हलवला.

काकांनी कुंपणापलीकडून डोक्याला हात लावला. मग त्यांनी मला जे सांगितलं, ते ऐकून माझं बालपण एका झटक्यात संपलं. ही मंडळी इथली नव्हेत. १८५० च्या सुमाराला कुणी हौसेनं, झाडावरच्या अळ्या खातील म्हणून, इंग्लंडहून आणून ब्रुकलिनमध्ये सोडली. अळ्या राहिल्या बाजूला, ती देशभर पसरली. चिमणा ब्लूबर्डच्या घरट्यात घुसून अंडी फोडतो, पिल्लं मारतो, वेळ पडली तर आईलाही सोडत नाही. मेणाच्या घरातली, बाळाला काजळ-तीट लावणारी आमची चिऊताई! स्टार्लिंग म्हणून साळुंकीच्या कुळातलं आणखी एक आयात पाखरू आहे, ते दीड इंचातून आत मावत नाही. पण ज्यातून ब्लूबर्ड जातो त्यातून चिमणी जातेच. तिला अडवेल असं भोक पाडलं, तर ब्लूबर्डही बाहेर.

ब्लूबर्ड आणि भिंगरी यांना १९१८ चा केंद्रीय कायदा राखतो. अंडी असलेल्या त्यांच्या घरट्याला हात लावणं गुन्हा. चिमणीला त्या कायद्यात जागा नाही. तिचं घरटं काढून टाका, अंडी काढून टाका, पिंजरा लावा. आणि त्यापुढचं काका खालच्या आवाजात सांगतात, मीही ते इथे सोडून देतो. माझी मजल घरटं काढण्यापर्यंतच. दर तिसऱ्या दिवशी खोक्याची बाजू उघडायची आणि आतला पसारा काढायचा. एकदा त्यात वाळकं गवत, कोंबडीचं पीस, पेपर नॅपकिनची चिंधी आणि आमच्याच किराणा दुकानाची पावती निघाली. कढीपत्ता, दोन जुड्या. मी पावती खिशात ठेवली, पसारा कचऱ्यात टाकला. घरात येऊन हात धुईपर्यंत गडी नवी काडी घेऊन हजर. असं अकरा वेळा झालं. अकराव्यांदा तो माझ्याकडे असा बघत होता, की जणू घरभाडं मीच थकवलंय.

एप्रिलमध्ये आई आली. नाशिकच्या तिच्या गॅलरीत चार वर्षांपासून लाकडी घरटं टांगलेलं आहे. कुठल्याशा चिमणी दिनाला सोसायटीत वाटलं होतं. २० मार्चचा हा दिवस २०१० पासून जगभर पाळतात आणि ती कल्पना आमच्या नाशिकचीच, हे आई विमानात शेजारच्या बाईलाही सांगून आली होती. चार वर्षांत त्या घरट्यावर कबुतर बसलं, आत मुंग्या झाल्या, चिमणी काही आली नाही. आणि इथे तिचा मुलगा सकाळी सकाळी चिमणीचं घर मोडतोय!

“हेच शिकायला अमेरिकेला आलास का रे?”

मी तिला ब्रुकलिन सांगितलं, कायदा सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघरात गेली. पुढचे आठ दिवस चिमण्या कमी व्हायच्या ऐवजी का वाढतायत, ते मला कळेना. शेवटी मुलीनं फितुरी केली: “बाबा, आजी रोज मागच्या पायरीवर पोळीचा चुरा टाकते.” म्हणजे पुढच्या दारानं मी हाकलत होतो आणि मागच्या दारानं पंगत बसत होती.

त्यात विरजणाचा प्रसंग घडला. काकांनी सांगितलं होतं की ब्लूबर्डला वळवायचं तर जिवंत मीलवर्म, म्हणजे अळ्या, ठेवा. ते फ्रिजमध्ये ठेवले की सुस्तावतात, त्यांचे भुंगेरे होत नाहीत. आम्हा शाकाहारी माणसांच्या फ्रिजमध्ये या हजार अळ्या कोंड्यात घालून दह्याच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या होत्या. आईनं विरजणासाठी दही शोधलं. किंकाळी कुंपणापलीकडे काकांना ऐकू गेली. दोन दिवस तिनं फ्रिजला हात लावला नाही आणि चहाही कोराच घेतला.

पण अळ्यांनी काम केलं. मे महिन्यात निळ्या पाठीचा, विटकरी छातीचा तो पाहुणा बायकोला घेऊन आला, आणि चार दिवसांत खोक्यात गवताची स्वच्छ, गोल वाटी झाली. पहिलं अंडं दिसल्याबरोबर काकांच्या सूचनेनुसार छपरावर चमचमत्या पट्ट्या लटकवल्या. चिमणा त्या झिरमिळ्यांना बिचकतो, ब्लूबर्ड बिचकत नाही. मी गणपतीच्या मखराच्या उरलेल्या सोनेरी झिरमिळ्या वापरल्या. आई म्हणाली, “आता आरती किती वाजता?”

दुसऱ्या खोक्यात भिंगरी आली. तिला आत अंथरायला पांढरी पिसं लागतात. मुलीनं जुनी उशी फाडली आणि एक पीस वाऱ्यावर सोडलं. पोटाशी पांढरं, पाठीवर निळसर हिरवं चमकतं काहीतरी आमच्या डोक्यावरून सुर्रकन आलं, पीस जमिनीला लागायच्या आत उचललं आणि दीड इंचात गडप झालं. आईनं मुलीच्या हातातली उशी काढून घेतली. पुढची सगळी पिसं तिनंच सोडली. पण त्याच भिंगरीला अंडी झाल्यावर मी नुसता गवत कापायला गेलो, तर ती माझ्या टकलावर नेम धरून झेपावली. भाडेकरूनं मालकाला अंगणाबाहेर काढण्याचा हा पुण्याबाहेरचा पहिलाच प्रसंग असावा.

त्याच आठवड्यात चिमणा झिरमिळ्यांना न जुमानता ब्लूबर्डच्या खोक्यात डोकं खुपसताना आईनं बघितला. तशीच, हातात लाटणं घेऊन, ती हिरवळीवर धावली. “मेल्या, दुसऱ्याच्या बाळंतपणात शिरतोस!” काका कुंपणावरून बघत राहिले. त्यांना मराठी येत नाही, पण त्यांनी टोपी काढली. दुसऱ्या दिवसापासून पोळीचा चुरा बंद झाला.

चार पिल्लं उडाली. आई जूनअखेर परत गेली.

परवा रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ, पावसाची झड. तिनं कॅमेरा गॅलरीतल्या घरट्याकडे वळवला. भोकातून गवताची एक काडी बाहेर लोंबत होती.

“झाकण उघडून बघू का?”

“हात लावू नकोस! आत ये, दार लावून घे, आणि कपडे दुसरीकडे वाळत घाल,” मी ओरडलो.

आम्ही दोघं ती काडी बघत बसलो. माझ्या खिडकीबाहेर काळा रुमालवाला रिकाम्या खोक्यावर बसून नेहमीसारखा कोकलत होता.

“तुझ्याकडचा ओरडतोय ना तो?” आई म्हणाली. “फोन जरा खिडकीबाहेर धर. आमचीला ऐकू दे.”

मी धरला.