हिमनद्यांचे जोडफोटो बनावट असतात का? एका फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

व्हॉट्सॲपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं असं: हिमनद्या आटल्याचे जे ‘तेव्हा आणि आता’ फोटो दाखवतात, त्यांतला पहिला हिवाळ्यातला आणि दुसरा उन्हाळ्यातला असतो, लेन्स बदलून बर्फ लांब ढकललेला असतो, आणि फोटोग्राफर त्याला हवं तेच निवडून दाखवतो. पहिले दोन मुद्दे साफ चुकीचे आहेत. तिसऱ्यात दम आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

“ऋतू वेगळे असतात.” सगळ्यात जास्त फिरलेली जोडी अलास्कातल्या म्युअर हिमनदीची. विल्यम फील्ड यांचा फोटो १३ ऑगस्ट १९४१ चा, ब्रूस मोल्निया यांचा ३१ ऑगस्ट २००४ चा. दोन्ही ऑगस्टमधले. मधल्या काळात हिमनदीचं तोंड सुमारे १२ किमी मागे गेलं आणि जाडी ८०० मीटरहून अधिक घटली. हिवाळी हिमाचा थर काही मीटरांचा असतो. त्याने एवढा फरक पडत नाही. उन्हाळ्याची अखेर मुद्दाम निवडतात, कारण तेव्हा त्या वर्षीचं हिम वितळून हिमनदीची खरी कड उघडी पडते. नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिकमध्ये असलेल्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगयिअरब्येन गावात तर ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, मग तिथे ऐन हिवाळ्यात असा फोटो काढणार कसा?

मात्र ग्लेशियर बे भागातला बर्फ अठराव्या शतकापासून मागे सरकतो आहे. म्हणजे म्युअरची जोडी किती बर्फ गेला ते सांगते. का गेला, हे एकट्या तिच्यावरून ठरवू नये.

“लेन्सची करामत आहे.” जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचं प्रमाण कॅमेऱ्याच्या जागेवर ठरतं, फोकल लेंग्थवर (लेन्स दृश्य किती जवळ आणते ते सांगणाऱ्या, मिमीतल्या मापावर) नाही. एकाच जागेवरून २४ मिमी लेन्सने काढलेल्या फोटोचा मधला भाग कापला, तर चौकटीतली मांडणी १०० मिमी लेन्सच्या फोटोसारखीच येते; फक्त तपशील कमी होतो. म्हणून खरी मेहनत असते जुनी जागा शोधण्याची. जुनी प्रिंट हातात घेऊन जवळचा खडक आणि त्यामागचं शिखर अशा जोड्या निवडतात. खडक प्रिंटपेक्षा डावीकडे दिसला, तर आपणही डावीकडे सरकायचं. मग दोन जवळच्या खुणांमधलं अंतर भागिले दोन दूरच्या खुणांमधलं अंतर, हे गुणोत्तर काढायचं. ते प्रिंटपेक्षा मोठं आलं, तर आपण फार पुढे आलो आहोत, मागे जायचं. अडचणी येतात त्या वेगळ्याच. अलास्कात जुन्या जागांवर आल्डरची दाट झाडी माजलेली असते. काही ठिकाणी जुना फोटोग्राफर बर्फावरच उभा होता आणि तो बर्फ आता नाही. अशा वेळी जागा किती बदलली ते फोटोखाली लिहायलाच हवं. पुढचे खडक आणि मागची शिखरं दोन्ही फोटोंत जुळतात का, हे वाचकालाही घरबसल्या तपासता येतं.

“सोयीचं तेच निवडतात.” हा धोका खरा आहे. स्वालबार्डमधल्या ब्लोमस्ट्रांडब्रेन हिमनदीची जोडी ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने २००२ मध्ये गाजवली. ही हिमनदी कोंग्सफियोर्डमध्ये आहे (फियोर्ड म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेली अरुंद, खोल खाडी). गोव्याच्या वास्कोतली एनसीपीओआर ही ध्रुवीय संशोधन संस्था भारताचं जे ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र २००८ पासून चालवते, तेही याच फियोर्डच्या काठी. पण ब्लोमस्ट्रांडब्रेन उसळणारी हिमनदी आहे: बरीच वर्षं मंद राहते, मग अचानक वेगाने पुढे येते. अशा हिमनदीचं तोंड हवामान न बदलताही पुढे-मागे होतं. तिच्या एका जोडीवर सगळी भिस्त ठेवायला नको होती.

निवडीच्या आरोपाला सर्वांत भक्कम उत्तर आग्नेय ग्रीनलंडमधून मिळतं. १९३० च्या दशकात डॅनिश विमानांनी नकाशे काढण्यासाठी तिथल्या किनाऱ्याचे तिरके हवाई फोटो घेतले होते. हवामानबदल दाखवणं हा त्यांचा हेतूच नव्हता. २०१२ मध्ये त्या फोटोंची उपग्रहचित्रांशी तुलना करून १३२ हिमनद्या मोजल्या गेल्या. जमिनीवर संपणाऱ्या हिमनद्या १९३० च्या दशकात २००० नंतरच्या दशकापेक्षा वेगाने मागे गेल्या होत्या. समुद्रात उतरणाऱ्यांचं उलट होतं. सोयीचंच दाखवायचं असतं, तर पहिला निष्कर्ष छापलाच नसता.

एकट्या फोटोंबाबत मात्र खबरदारी हवीच. २०१७ मध्ये गाजलेल्या उपाशी ध्रुवीय अस्वलाच्या चित्रफितीबद्दल ‘नॅशनल जिओग्राफिक’ने पुढच्या वर्षी कबूल केलं की, हवामानबदलाशी घातलेला थेट संबंध अतिरेकी होता. ते अस्वल का उपाशी होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १३ जून २०१९ चा स्टेफन ओल्सेन यांचा फोटोही असाच चुकीचा वाचला गेला. वायव्य ग्रीनलंडमध्ये स्लेजचे कुत्रे पाण्यातून धावताना दिसतात, म्हणून समुद्रावरचा बर्फ संपला असं लोकांनी लिहिलं. प्रत्यक्षात पाण्याखाली सुमारे १.२ मीटर जाडीचा बर्फ होता. वरचा थर झपाट्याने वितळला आणि भेगा कमी असल्याने पाणी खाली झिरपलं नाही. फोटो त्या दिवसाच्या तीव्र वितळण्याची नोंद आहे. समुद्रबर्फ किती घटला हे पाहायचं, तर १९७९ पासूनच्या सलग उपग्रहनोंदींकडेच जावं लागतं.