कॅरोलची मंडळी गल्लीत येऊ द्या

मंडळी, इंदूरची थंडी आता बोचायला लागली आहे आणि व्हाइट चर्चच्या बाजूला नाताळची लगबग जोरात आहे. ३० नोव्हेंबरच्या रविवारी आगमनकाळ, म्हणजे नाताळाच्या तयारीचा काळ, सुरू झाला. तेव्हापासून ख्रिस्ती घरांत सगळी कामं एकदमच निघालेली असतात: रंगसफेदी, पडदे, शिंप्याकडे चकरा, संडे स्कूलच्या मुलांच्या नाटकाच्या तालमी, गव्हाणीच्या देखाव्यासाठी वाळलेलं गवत कुठून आणायचं याची चर्चा. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत आणि मॉलमध्ये झाडं उभी राहिली, सिग्नलवर लाल टोप्या विकायला आल्या, तेही तुम्ही पाहिलं असेलच. छान आहे, मुलांना आवडतं. पण मला बोलायचं आहे ते गल्लीतल्या नाताळबद्दल. तो डोळ्यांदेखत आक्रसत चालला आहे आणि आपण मराठी माणसं नुसती बघत बसलो आहोत.

कॅरोलची मंडळी ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगते. डिसेंबरच्या मधल्या आठवड्यांत दहा-पंधरा मुलं-मुली, दोन-तीन मोठी माणसं, एक गिटार, एक ढोलक आणि काठीवर लावलेली चांदणी घेऊन रात्री आपल्या चर्चमधल्या लोकांच्या घरी जातात. नाताळची दोन-तीन गाणी, एक छोटी प्रार्थना, मग चहा, केक, आणि पुढच्या घरी. आमचं दार शेजारच्या ख्रिस्ती मावशींच्या दाराला लागून, त्यामुळे आम्हीही ओसरीत उभं राहून ऐकत आलो. आईचा चिवडा त्या रात्री ठरलेला असे. कोणी आम्हाला बोलावलं नव्हतं आणि कोणी आमच्या घरी काही मागायलाही आलं नव्हतं. शेजार होता, एवढंच.

यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, की कॅरोलवाल्यांना गेटच्या आत घेऊ नये, उगाच कटकट नको. लिहिणारी व्यक्ती वाईट नाही. आजारपणात रात्री-अपरात्री धावून येणाऱ्यांतली आहे. मेसेजमागे द्वेष कमी आणि भीती जास्त आहे, हे मला कळतं. म्हणूनच काळजी वाटते. द्वेष करणारे चार असतात, पण भिऊन गेट लावणारे चाळीस होतात, आणि गेट बंद होतं ते या चाळिसांमुळे.

ही भीती आली कुठून, तेही पाहू. २०२३च्या डिसेंबरात आपल्या जवळच्या शाजापूर जिल्ह्यात आदेश निघाला, की शाळेत मुलांना सांताचा वेश द्यायचा तर पालकांची लेखी परवानगी घ्या. पालकांना विचारावं, यात गैर काही नाही. पण चिठ्ठ्या गोळा करण्यापेक्षा कार्यक्रमच रद्द करणं शाळांना सोपं वाटणार, हे कोणालाही कळावं. मग २०२४च्या नाताळला खुद्द इंदूरमध्ये, घरोघर जेवण पोचवणाऱ्या एका मुलाला रस्त्यात अडवून त्याचा सांताचा वेश उतरवायला लावला. तो व्हिडिओ देशभर फिरला. तो मुलगा आपलं काम करत होता. थंडीत कोणाच्या तरी घरचं जेवण घेऊन निघाला होता. आपल्या शहराचं नाव त्या दिवशी अशा कारणाने निघालं, याची मला मनापासून लाज वाटली.

कारण हे शहर असं नव्हे. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे मिरवणुकीत, राजवाड्यावर रंग टाकताना कोणी कोणाचं आडनाव विचारत नाही. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे सजवलेले देखावे, बघायला सगळं इंदूर रात्रभर रस्त्यावर असतं. मग नाताळलाच काय झालं?

‘ते बाहेरचं आहे’ हे उत्तर मला पटत नाही. व्हाइट चर्च १८५८चं आहे. १ जुलै १८५७ला रेसिडेन्सीवर, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्याच्या ठाण्यावर, हल्ला झाला, शहर पेटलं, आणि त्यानंतर वर्षभरात ही इमारत उभी राहिली. ते साहेबांचं चर्च होतं, मान्य. पण १८७७ला कॅनडाचं मिशन आलं आणि १८८७ला त्यांनी क्रिश्चियन कॉलेज काढलं. होळकर दरबाराशी मिशनचे खटके उडाले होते, हाही इतिहास आहे आणि तो लपवायचं कारण नाही. तरी त्या कॉलेजात इंदूरच्या किती मराठी घरांतले आजोबा शिकले, जरा आठवून बघा. किशोर कुमार तिथे शिकले हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. कॉलेज आपलं म्हणायचं आणि ज्यांनी ते उभं केलं त्यांच्या सणाला गेट लावायचं, हे मला जमणार नाही.

मराठीचं म्हणाल तर हा सण आपल्या भाषेत फार पूर्वीच आला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली आणि ती १६१६ला गोव्यात छापली गेली. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ला बाप्तिस्मा घेतला, पण अभंगाचा छंद सोडला नाही. शेजारच्या मावशी मूळच्या नगरच्या. त्यांच्याकडे कॅरोलची मुलं हिंदी गाणी म्हणतात, आणि शेवटी मावशी पेटी पुढे ओढून टिळकांचं एखादं भजन म्हणतात. डोळे मिटून ऐकलं तर आपल्याच देवघरातलं वाटावं अशी चाल. मुलांना त्यातले अर्धे शब्द कळत नाहीत, तरी टाळ्यांचा ठेका चुकत नाही.

आणि मावशींचा केक. यावर लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. नोव्हेंबरात मनुका, काळे मनुके, पेठा, संत्र्याच्या सालीचा मुरंबा असं सगळं बारीक चिरून संत्र्याच्या रसात भिजत पडतं. मग साखर जाळून तिचा काळा पाक करायचा. तो नेमका कधी उतरवायचा, हे मावशी वासावरून ठरवतात. पण केक घरी भाजत नाहीत. मिश्रणाचे पत्र्याचे डबे रिक्षात मांडीवर घेऊन बेकरीत जायचं. तिथे आधीच पाच-सहा घरचे डबे रांगेत असतात. कागदाची चिठ्ठी भट्टीत जळून जाते, म्हणून प्रत्येक डब्याच्या बुडाला खिळ्याने आडनाव कोरलेलं. एका डब्यावर मावशींच्या सासूबाईंचं नाव अजून वाचता येतं. मी बरोबर गेले होते तेव्हा मला घाई झाली होती, तर मावशी म्हणाल्या, “थांब गं, पाव निघू दे आधी. भट्टी जरा उतरली की मग केक आत जातो. पावाच्या आचेवर घातला तर वरून करपतो नि आत कच्चा राहतो.” आम्ही तासभर बाकावर बसलो. शेजारी एक मल्याळी बाई, एक झाबुआकडच्या भिलाला समाजातल्या ताई, सगळ्यांचे डबे एकाच भट्टीत. गप्पा गॅसच्या भावाच्या आणि मुलांच्या परीक्षांच्या.

आता धर्मांतराचा मुद्दा. पोस्टखाली कोणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच बोलते. जबरदस्तीने किंवा आमिषाने कोणाचा धर्म बदलू नये, हे मलाही मान्य आहे, आणि त्यासाठी मध्य प्रदेशात २०२१चा कायदा आहे. तक्रार असेल तर पोलीस आहेत, कोर्ट आहे. शेजारणीच्या दारात ढोलकीवर गाणाऱ्या पोरांचा त्याच्याशी काय संबंध?

ख्रिस्ती मंडळींना मी ज्या एका गोष्टीसाठी मनातून मानते, तीही सांगते. सिस्टर रानी मारिया देवास जिल्ह्यात उदयनगरला आदिवासींमध्ये काम करायच्या, त्यांना सावकाराच्या पाशातून सोडवायच्या. १९९५च्या फेब्रुवारीत त्यांना बसमध्ये भोसकून मारलं. इंदूरला येत होत्या. ज्याने मारलं त्याला त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन राखी बांधली. राखी! ४ नोव्हेंबर २०१७ला इंदूरमध्येच सिस्टरना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याचा मोठा सोहळा झाला. माझ्याच्याने हे झालं असतं का, या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. पण हे जमणारी माणसं माझ्या शहरात आहेत, आणि त्यांच्या सणाला मी दार लावून घरात बसणार नाही, एवढं नक्की.

ग्रुपवर मी हेच लिहिलं, जरा कमी शब्दांत. आधी शांतता. मग दोघांनी अंगठा दाखवला, मग पाच-सहा जणांनी, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी लिहिलं की खुर्च्या मी देतो. सेक्रेटरींनी परवानगी दिली. तुमच्याही सोसायटीत असा मेसेज फिरत असेल तर गप्प राहू नका. भांडू नका, पण आपलं मत लिहा. बाकीचेही बहुतेक वेळा कोणीतरी आधी बोलायची वाट बघत असतात.

आमच्याकडे कॅरोलची मंडळी रविवारी, २१ तारखेला संध्याकाळी सातला येणार आहेत. आसपासचे कोणी येणार असाल तर या, मुलांना आणा, कानटोपी विसरू नका. आणि २५ला, गुरुवारी, ओळखीच्या ख्रिस्ती घरी नक्की जा. सकाळी उपासना असते, दुपारी त्यांच्याकडे पाहुणे जेवायला असतात, तेव्हा संध्याकाळ बरी. फोनवर शुभेच्छांचं चित्र पाठवून भागवू नका. दिवाळीला ते आपल्याकडे येऊन बसतात ना? हातात काही न्यायचंच असेल तर चकल्या न्या, गोड त्यांच्याकडे भरपूर असतं.