मारून चोराला वाचवू नका

चोर सापडला, लोकांनी चोपला, व्हिडिओ व्हायरल झाला. खाली कमेंटांचा पाऊस: ‘असंच पाहिजे’, ‘पोलिसांत देऊन काय उपयोग, संध्याकाळी बाहेर येतो’. दुसऱ्या कमेंटमध्ये तथ्य आहे, म्हणून ही पोस्ट. तो बाहेर येतो त्यात ढिसाळ तपासाचा वाटा असतो, कोर्टातल्या तारखांचा असतो आणि बऱ्याचदा त्याला चोपणाऱ्यांचाही असतो. हा तिसरा वाटा कुणी मोजत नाही.

‘कायदा हातात घेऊ नका’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. कायद्याचा एक तुकडा नागरिकाच्या हातात आधीच दिलेला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० वाचा. कुणी तुमच्या देखत दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा केला, किंवा समोरचा माणूस कोर्टाने फरार घोषित केलेला असेल, तर तुम्ही त्याला अटक करू शकता. मग विनाविलंब, उशिरात उशिरा सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत फक्त ‘विनाविलंब’ होतं. सहा तासांची मर्यादा १ जुलै २०२४ पासून आली. रात्रभर सोसायटीच्या ऑफिसात कोंडून ‘सकाळी बघू’ म्हणालात, तर बेकायदा डांबून ठेवल्याचा गुन्हा तुमच्यावर.

‘तुमच्या देखत’ आणि ‘दखलपात्र व अजामीनपात्र’ या दोन्ही अटी एकाच वेळी लागतात, आणि लोक नेमके इथेच घसरतात. सीसीटीव्ही बघून दुसऱ्या दिवशी कुणाला घरातून उचलून आणणं या कलमात बसत नाही. घरफोडी आणि हिसकावून नेणं बसतं. पण पाच हजारांच्या आतली साधी चोरी नव्या कायद्याच्या परिशिष्टात अदखलपात्र आणि जामीनपात्र केली आहे. म्हणजे खिशातून दोन हजार मारणाऱ्याला तुम्ही रंगेहाथ धरून तुमचे पैसे परत घेऊ शकता, पण कलम ४० ची ढाल तिथे मिळेलच असं धरून चालू नका.

अपघातात तर बहुतेकांची समजूत उलटीच असते. निष्काळजीपणाने मृत्यू, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं (गुन्हे आणि शिक्षा सांगणारा नवा कायदा) कलम १०६(१), दखलपात्र आहे पण जामीनपात्र. ड्रायव्हरला खाली ओढून मारायला कुठल्याच कायद्याचा आधार नाही. उलट जखमीला दवाखान्यात पोचवण्याची जबाबदारी ड्रायव्हरवर टाकणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येच जमावाच्या क्षोभाचा अपवाद लिहून ठेवलाय. जखमी रस्त्यावर पडून राहतो आणि पळालेल्या ड्रायव्हरला सांगायला कारण मिळतं, ते जमावामुळे.

स्वसंरक्षण वेगळं. न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये हा हक्क भक्कम दिलाय. जिवावर बेतलं, बलात्काराचा किंवा ॲसिडचा हल्ला झाला, तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत तो जातो. पण हा हक्क धोका असेपर्यंतच. सुरा हातातून पडला, माणूस आडवा झाला, चार जणांनी दाबून धरला, की त्यानंतरची लाथ ही मारहाण. मग भलेही पहिली लाथ शंभर टक्के कायदेशीर असो.

आता मुद्द्याचं. मारामुळे खटल्याचं नक्की काय होतं?

ओळखपरेड घ्या. साक्षीदाराने आरोपीला अनोळखी माणसांच्या रांगेतून ओळखायचं असतं. त्याचा सुजलेला चेहरा आधीच गावभर ग्रुपांवर फिरला असेल, तर बचावाचा वकील एवढंच विचारतो, ‘फोटो पाहिला होता ना?’ परेडची किंमत तिथेच संपली.

मग कबुली. पट्ट्याने मारून वदवून घेतलेली कबुली स्वेच्छेची नसते, कोर्ट ती बाजूला ठेवतं. त्याहून मोठं नुकसान लपवलेल्या मालाबाबतीत होतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम २३ नुसार आरोपीने पोलिसांच्या ताब्यात असताना माहिती दिली आणि त्यावरून माल सापडला, तर तेवढी माहिती त्याच्याविरुद्ध वापरता येते. जुन्या कायद्यातलं हे प्रसिद्ध कलम २७. माल लपवलेली जागा लोकांनीच मारून वदवून घेतली आणि पिशवी स्वतःच उकरून आणली, तर हा दरवाजा बंद. पोलिसांनी नंतर पंचनाम्यात काहीही लिहिलं तरी उलटतपासणीत ते उघडं पडतं.

खिशांचंही तसंच. पकडलेल्याजवळचं हत्यार काढून घ्यायचा अधिकार अटक करणाऱ्या नागरिकालाही आहे, ते नंतर जमा करायचं. अंगझडती मात्र ताब्यात घेणाऱ्या पोलिसाचं काम. चोरलेला मोबाइल दहा हातांतून फिरून ठाण्यात पोचला, की तो आरोपीकडेच सापडला हे सिद्ध करणं फिर्यादी पक्षाला जड जातं. तेव्हा सुरा काढा, खिसे सोडा. आणि अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होतेच. डॉक्टर प्रत्येक वळ लिहितात. तो कागद मूळ खटल्यात आरोपीच्या कामाला येतो आणि तुमच्यावरच्या खटल्यात पुरावा म्हणून.

मग करायचं काय? आधी ११२ लावा, वेळ लिहून ठेवा. माणसाला जमिनीवर बसवा, पाठ भिंतीला, हात दिसतील असे. पालथा पाडून पाठीवर बसू नका. धडपडून दमलेल्या माणसाचा श्वास अशा दाबाखाली बंद पडतो आणि चोरीचा खटला सदोष मनुष्यवधाचा होतो. पळू नये इतकंच बळ, त्यापलीकडे नाही. धरून दोघंतिघंच थांबा, बाकीच्यांना मागे सारा. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची नावं-नंबर तेव्हाच घ्या, कारण पोलीस येईपर्यंत निम्मे पांगलेले असतात. व्हिडिओ एकाने, सलग काढावा आणि फाइल मूळ फोनमध्येच ठेवावी. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्य (फाइलचा डिजिटल ठसा) लिहावं लागतं. व्हॉट्सॲपवर दाबून लहान झालेल्या कॉपीचं मूल्य मूळ फाइलशी जुळत नाही. पकडलेला अल्पवयीन वाटला तर त्याचा चेहरा कुठेही टाकू नका, तो स्वतंत्र गुन्हा आहे.

आणि माणूस चुकीचा निघाला तर? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भटक्या समाजातले पाच जण ठेचून मारले गेले. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक, तेही पोलिसांसमोर. दोन्हीकडे मुळाशी अफवा होती. पाच किंवा अधिक जणांचा बेकायदा जमाव ठरला, की समान उद्दिष्टासाठी एकाने केलेला गुन्हा सगळ्यांवर लागतो. नुसता बघ्या आरोपी होत नाही, पण ‘सोडू नका रे त्याला’ म्हणून ओरडणारा नुसता बघ्या नसतो.

इथे कुणीतरी नागपूरचं उदाहरण देणारच. १३ ऑगस्ट २००४, एका वस्तीला छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला जमावाने भर कोर्टात ठार मारलं, पुढे आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या वस्तीतल्या बायकांनी वर्षानुवर्षं काय सोसलं हे वाचून त्यांच्याकडे बोट दाखवायची माझी हिंमत नाही. पण पाकीटमाराला खांबाला बांधणाऱ्यांनी त्यांच्या नावामागे लपू नये. त्यांचं दुखणं तक्रारींना दाद न मिळण्याचं होतं, आणि त्यावरचे उपाय आजही लोक पुरते वापरत नाहीत.

ठाणे अंमलदार ‘हद्द आमची नाही’ म्हणाला तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा. दखलपात्र गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवावा लागतो. माहिती ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात ‘आधी चौकशी करू’ असं म्हणता येतं, पण उपअधीक्षकांची परवानगी घेऊन आणि चौदा दिवसांतच. नोंदच घेतली नाही तर तक्रार लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना. तिथेही काही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली अर्ज. त्याला प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं आणि अधीक्षकांकडे आधी गेल्याचा पुरावाही, म्हणून स्पीड पोस्टची पावती आणि पोच दोन्ही जपून ठेवा. या एका पावतीवाचून बरेच अर्ज अडकतात.