लिओनोव नशिबाने वाचला नाही!

आज पुन्हा तो फॉरवर्ड आला. अंतराळात चालणारा पहिला माणूस, सूट फुगला, दार लहान पडलं, आणि नशिबाने कसाबसा आत आला. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. डोकंच फिरलं.

अरे, नशीब कसलं? व्हॉल्व्ह होता त्याच्याकडे!

१८ मार्च १९६५, सोव्हिएत यान वोसखोद-२. जोडीदार बेल्यायेव यानात, अलेक्सेई लिओनोव बाहेर, ५.३५ मीटरच्या दोरीला, जेमतेम बारा मिनिटं. सूटच्या आत ०.४ वातावरण दाब, बाहेर शून्य. सूट ताठ झाला, बोटं हातमोज्यांतून आणि पावलं बुटांतून मागे सरकली. कॅमेऱ्याचं बटण मांडीवर होतं, तिथपर्यंत हात पोचेना. परत शिरायचं होतं पाय आधी घालून, ते अशक्यच. मग त्याने व्हॉल्व्ह फिरवून दाब ०.२७ वर उतरवला. हा दुसरा टप्पा सूटमध्ये आणीबाणीसाठी दिलेलाच होता. धोका एकच: दाब उतरला की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, पाणबुड्यांना होतो तोच विकार. पण तो बराच वेळ ऑक्सिजनवर होता, म्हणजे नायट्रोजन बराचसा निघून गेलेला. हा हिशोब त्याने तिथे लटकत केला, आणि आपण म्हणतो नशीब.

हो, जमिनीवरच्या नियंत्रण कक्षाला न विचारता व्हॉल्व्ह फिरवला. मान्य. ऑक्सिजन मोजका असताना कोणाची बैठक बोलवायची होती?

शिरला तो डोकं पुढे करून. म्हणजे बाहेरचं झाकण आता पायांकडे, आणि ते नीट बसलंय की नाही हे बघायला ताठ सूटसकट उलटं फिरायचं, तेही मीटरभर व्यासाच्या नळीत. ही नळी, म्हणजे एअरलॉक, कापडी, हवेने फुगवलेली. ती लागली कारण यानातली उपकरणं हवेवर थंड व्हायची. अमेरिकनांच्या जेमिनीसारखी केबिनच रिकामी केली असती तर ती तापून बसली असती.

उतरताना स्वयंचलित यंत्रणा बिघडली आणि यान तैगाच्या जंगलातल्या बर्फात भलतीकडेच पडलं, ती वेगळीच पोस्ट होईल.

आणि हा माणूस चित्रकार होता हो! रंगीत पेन्सिली दोऱ्याने बांधून नेल्या होत्या, कक्षेत बसून सूर्योदय काढला. हे कोणी फॉरवर्ड करत नाही.

नशीबच हवं असेल तर १९७१ घ्या. सोयुझ-११ या यानातून आधी लिओनोवचीच तिघांची तुकडी जाणार होती. त्यातल्या कुबासोवच्या फुप्फुसाच्या एक्स-रेत डाग दिसला, क्षयाचा संशय आला आणि नियमाप्रमाणे तिघेही बदलले. गेले डोब्रोव्होल्स्की, व्होल्कोव आणि पात्सायेव. परतताना यानाचे भाग सुटे झाले त्या धक्क्याने एक व्हॉल्व्ह १६८ किलोमीटरवरच उघडला. तो उघडायला हवा होता जमिनीजवळ. केबिनमधली हवा गेली. तिघांना दाटीवाटीने बसवायचं म्हणून अंगात सूट नव्हते. हाताने तो बंद करायला लागणारा वेळ शुद्ध टिकण्यापेक्षा जास्त. तिघेही गेले.

लिओनोव त्या यानात नव्हता, हे नशीब. एवढंच देतो.

त्यानंतर कित्येक वर्षं सोयुझमध्ये दोघेच, आणि सूट घालूनच. जुलै १९७५ मध्ये अमेरिकेच्या अपोलो यानाला जोडलेल्या सोयुझचा कमांडर लिओनोव, आणि शेजारच्या सीटवर तोच कुबासोव. तो डाग क्षयाचा नव्हताच.