"रग्बी बाईच्या शरीराला झेपत नाही" म्हणणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय, मलाच चार जणींनी पाठवला. त्यात म्हटलंय की रग्बी बाईच्या शरीराला झेपणारा खेळ नाही, लहानपणापासून खेळला नसेल तर तिशीनंतर नादच करू नये, महिलांची रग्बी म्हणजे नियम सोपे करून दिलेला हलका खेळ, तो कोणी बघत नाही, आणि वर मुली त्याने भांडखोर होतात. मी तेहतिसाव्या वर्षी रग्बी सुरू केली, त्याआधी शाळेतल्या खो-खोनंतर काहीच खेळले नव्हते, आणि आता लीगमध्ये प्रॉप म्हणून, म्हणजे पहिल्या ओळीत ढकलणारी म्हणून खेळते, पाठीवर 1 नंबर. म्हणून एकेक मुद्दा घेते.

शरीराचाच मुद्दा आधी, कारण घरच्यांना भीती वाटते ती त्याचीच. एक गोष्ट कबूल करते, धोका खरा आहे. डोक्याला मार लागतो, सगळ्यात जास्त टॅकलमध्ये, म्हणजे बॉल घेऊन पळणारीला पकडून पाडताना लागतो, आणि ज्याला पाडलं त्याच्यापेक्षा पाडणाऱ्यालाच जास्त लागतो. मोठेपणी खेळात आलेल्या बायकांना तर पडायचं कसं हेच कोणी शिकवलेलं नसतं, मान तयार नसते, मग पाठीवर पडलं की डोकं मागे जाऊन जमिनीवर आपटतं. पण यातून "बाईला झेपत नाही" हे कसं निघतं? शिकवलेलं नाही, एवढंच निघतं. आणि ते शिकता येतं हे मी स्वतःच्या मानेवर अनुभवलंय.

पहिला महिनाभर मला कोणी उभ्याने टॅकल करूच दिला नाही. दोघी समोरासमोर गुडघ्यांवर, मग एक उकिडवी, मग चालत, मग हळू धावत, आणि प्रत्येक वेळी कोच एकच विचारायची, डोकं कुठे आहे? समोरची पळत येते तेव्हा डोकं तिच्या पुढून नाही, मागच्या बाजूला न्यायचं, गाल तिच्या कुल्ल्याला चिकटला पाहिजे, खांदा मांडीवर, हातांनी दोन्ही पाय घट्ट आवळायचे आणि पाय चालवत राहायचं, ती आपोआप खाली येते. डोकं पुढच्या बाजूला राहिलं तर तिचा गुडघा नाहीतर कंबर थेट कानशिलावर. एकदा माझं राहिलं. कानात बराच वेळ शिट्टी वाजत होती, कोचने मला लगेच बाहेर बसवलं आणि त्या दिवशी परत आत घेतलं नाही, मी कितीही "बरं वाटतंय" म्हटलं तरी नाही. पुढे टप्प्याटप्प्याने परत आणलं, आधी नुसतं चालणं, मग धावणं, मग बॉल, आणि टॅकल सगळ्यात शेवटी. पडायचं असलं की हनुवटी छातीला लावायची, हे तर इतकं अंगात बसलंय की मागे जिन्यावर पाय घसरला तेव्हाही हनुवटी आपोआप खाली गेली.

नियमही याच काळजीने केलेत. खांद्याच्या वर टॅकल चालत नाही, हौशी पातळीवर बऱ्याच देशांनी ती रेषा अजून खाली आणली. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांच्या आठ-आठ जणी एकमेकींत अडकून बॉलसाठी ढकलतात तेव्हा, पहिल्या ओळीत तिथे खेळायचं प्रशिक्षण घेतलेल्याच खेळाडू लागतात, त्या उरल्या नाहीत तर रेफरी ढकलाढकलीशिवायचा स्क्रम लावतो. वरच्या पातळीवर 2023 पासून सेन्सर असलेले माऊथगार्ड आलेत, डोक्याला किती जोराचा झटका बसला ते मैदानाबाहेर लगेच कळतं. मेसेज लिहिणाऱ्याला काळजी असती तर तो या सगळ्याबद्दल बोलला असता.

शरीराबद्दलच अजून एक. माझं वजन 80 च्या वर आहे आणि आयुष्यभर मी ते लपवत आले, फोटोत मागे, सैल कुर्ते, सगळं. प्रॉपला वजन लागतं. नऊ नंबरला, म्हणजे स्क्रममध्ये बॉल टाकणारीला, चपळाई लागते आणि ती बुटकी असली तरी चालते, लाइनआउटमध्ये, म्हणजे बाहेर गेलेला बॉल रांगेत उभ्या खेळाडूंमध्ये परत टाकतात तेव्हा, उडी मारायला उंच लागते, विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेला, पळणारी. असा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही, जिथे एकाच संघात इतक्या वेगवेगळ्या अंगाच्या बायका लागतात, आणि "लागतात" हाच शब्द मला महत्त्वाचा वाटतो.

आता वयाचं. न्यूझीलंडची पोर्शिया वुडमन नेटबॉल खेळायची, रग्बीत नंतर आली आणि विश्वचषकात ट्रायचे, म्हणजे बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवण्याचे, विक्रम केले. ती असामान्य आहे, मान्य. मी सामान्य आहे आणि मलाही जमलं, फक्त वेळ लागला, पहिले सहा महिने मी मॅचमध्ये एकदाही उतरले नाही.

नियम सोपे केलेत हे तर सरळ खोटं आहे. तेच मैदान, तीच 80 मिनिटं, 15 जणी, पास मागेच द्यायचा, ट्रायचे 5, त्यानंतरच्या किकचे, म्हणजे कन्व्हर्जनचे 2, पेनल्टी किकचे 3. 2025 च्या विश्वचषकात बॉलही तोच 5 नंबरचा होता. ऑलिम्पिकमध्ये 2016 ला रग्बी सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांची रग्बी, आली ती पुरुष आणि महिला दोघांची एकदमच.

आणि कोणी बघत नाही म्हणे! 1991 ला वेल्समध्ये पहिला महिला विश्वचषक झाला तेव्हा 12 संघ होते, खेळाडू स्वतःचे पैसे घालून आल्या होत्या, सोव्हिएत संघाने तर खर्च भागवायला विकण्यासाठी व्होडका आणि कॅव्हिअर सोबत आणलं होतं. अमेरिकेने इंग्लंडला हरवून तो जिंकला. 27 सप्टेंबर 2025 ला लंडनमध्ये ट्विकनमला विश्वचषकाच्या फायनलमध्ये इंग्लंडने कॅनडाला 33-13 हरवलं तेव्हा स्टेडियममध्ये 81,885 लोक होते. कोणी बघत नाही असं 1991 मध्ये म्हटलं असतं तर मी गप्प बसले असते, आज नाही बसणार.

राहिला भांडखोरपणा. माझी पहिली मॅच आम्ही 53-0 हरलो. स्क्रम म्हणजे काय ते खरं तेव्हा कळलं, रेफरी म्हणतो क्राउच, बाइंड, सेट, म्हणजे वाका, धरा, भिडा, आणि सेटला सोळा जणींचा भार एकदम येतो, कानाला समोरचीचा कान घासतो, तिचा श्वास ऐकू येतो, पायाखालची माती सरकते. तिच्यासमोर माझा स्क्रम चार वेळा कोसळला, चारही वेळा पेनल्टी माझ्यावर, मला रडू येत होतं. मॅच संपल्यावर ती समोरची तीन नंबरची माझ्याकडे चालत आली, कानाला टेप, हनुवटीला चिखल तसाच, माझा डावा हात धरून स्वतःच्या पाठीवर ठेवला आणि कोपर वर उचललं. म्हणाली, हे खाली गेलं की तू माझ्यासोबत जमिनीवर येतेस, वर ठेव, बघ. मग आम्ही दोघी तिथेच वाकलो, आणि माझं कोपर वर टिकेपर्यंत तिने मला सोडलं नाही.