पेडल जुने नाहीत सर, सेसना डावीकडे ओढतेच

नमस्कार सर, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि खरं सांगतो, जेवण गेलं नाही. तुम्ही लिहिलंय की विमान उडवायचा कॉम्प्युटर गेम घरी लावून द्यायला माणूस दीड तास उशिरा आला, त्यासाठीचे पायाने दाबायचे जुने पेडल नवीन म्हणून गळ्यात मारले, गेममधलं छोटं सेसना विमान रनवेवर सरळ जातच नाही, डावीकडे गवतात घुसते, एअरबस मात्र नीट जाते, पैसे वाया गेले.

उशीर झाला, त्याबद्दल मनापासून सॉरी. आधीच्या घरी गेम डाउनलोडच झालेला नव्हता. दीडशे जीबी जागा लागते म्हणून रात्रीच लावून ठेवा असं मी सगळ्यांना सांगतो, तुम्ही ठेवला होतात, त्यांनी नव्हता ठेवला, आणि त्यात मी अडकलो. तरी तुम्हाला फोन करायला हवा होता, चूक माझीच.

पण पेडलचं जे लिहिलंय ते लागलं सर. तुमच्या हॉलमध्ये, तुमच्या समोर मी बॉक्सचं सील कात्रीने कापलं, वहिनींनीच कात्री आणून दिली होती. बिलावर सिरियल नंबर आहे, बॉक्सवर पण तोच आहे, ताडून बघा.

आता डावीकडे का जातं ते सांगतो, कारण हे वाचून बाकीचे लोक पण मला चोर समजतील. सेसना १७२ ला पुढे एकच पंखा असतो. पायलटच्या सीटवरून बघितलं तर तो घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, त्याची हवा बॉडीभोवती पीळ घेत मागे जाते आणि उभ्या शेपटीवर डाव्या बाजूने आदळते, मग शेपटी उजवीकडे ढकलली जाते म्हणजे नाक आपोआप डावीकडे. फुल थ्रॉटल दिला की सगळ्यात जास्त जाणवतं. खऱ्या विमानात पण हेच होतं, बारामतीला विमान शिकणाऱ्या पोरांना विचारा, टेकऑफला उजवा पाय हळूहळू दाबत राहावं लागतं, रडर म्हणजे शेपटीवरची नाक डावी-उजवीकडे वळवणारी फळी, ती हलवायला रडर पेडल घेतात ते त्याचसाठी तर. आणि एअरबसला दोन्ही पंखांखाली एकेक जेट इंजिन, दोन्हीकडून सारखाच जोर, म्हणून ती सरळ जाते. पेडल खराब असते तर एअरबस पण वाकडी गेली असती ना सर? म्हणजे पेडल चांगले आहेत याचा पुरावा तुम्हीच रिव्ह्यूमध्ये लिहून ठेवलाय.

गेममध्ये ऑटो रडर नावाची सोय असते, ती चालू असली की पायाचं काम कॉम्प्युटरच करतो. नवीन माणसाकडे मी ती चालूच ठेवतो. तुमच्याकडे बंद केली कारण तुम्ही म्हणालात "मला व्हिडिओ गेम नकोय, एकदम खरं पाहिजे", हे शब्द तुमचेच आहेत. मी तेव्हा म्हटलं होतं की सर पहिले चार दिवस राहू द्या, तुम्ही हसलात. आता खरं म्हटल्यावर खरंच मिळणार ना.

आणि पैसे वाया म्हणता, तर त्या दिवशी तुमचे वडील खुर्चीवरून उठायलाच तयार नव्हते ते विसरलात का? गेममध्ये पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून उडून मी त्यांना खडकवासल्याच्या पाण्यावरून नेलं, आपण तीन हजार फुटांवर होतो आणि समोर सिंहगड, तो चार हजार तीनशेच्या आसपास, तर आजोबा ओरडले "अरे वर घे वर घे, गड आला!" माझ्या सेटअपच्या पंधराशे रुपयात तो पाऊण तास पण होता, त्याचे मी वेगळे लावले नाहीत, लावणारही नव्हतो.

मी आणि माझा चुलतभाऊ दोघंच हे काम करतो, दुकान नाही, जाहिरात नाही, लोक रिव्ह्यू वाचूनच फोन करतात. काल एकाने येतो म्हणून सांगितलेलं, आज फोन उचलत नाहीये. तुमच्यामुळेच असं म्हणत नाही, पण मनात येतंच ना.

इथून पुढे उशीर होणार असेल तर आधी कळवू, आणि या रडरबद्दल मराठीत एक कागद का व्हिडिओ काहीतरी करून देऊ, विचार चालू आहे.

तुम्ही एवढंच करा, कंट्रोलच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही पाय वर घ्या आणि रडरची पट्टी बघा. मधोमध असेल तर पेडल ठीक आहेत. नसेल तर मी येऊन पेडल परत घेतो, पूर्ण पैसे देतो, एक शब्द बोलणार नाही. ऑटो रडर चालू करायचं असेल तर फोनवर दोन मिनिटात सांगतो, त्याचे पैसे नाहीत. रविवारी अकराच्या आधी फोन करा, नंतर मी दुसऱ्या एका घरी असेन, वेळेवर पोचायचंय. आजोबांना नमस्कार सांगा.